मन्मथची चित्रं कुठे पाहायची?

सकाळचं वर्तमानपत्र अजून उघडायचं होतं, तेवढ्यात शिवकुमारचा फोन आला. शिवकुमार म्हणजे मन्मथच्या थोरल्या बहिणीचा, गंगाक्काचा मुलगा. सेलूला कापडाचं दुकान चालवतो. एरवी तो आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग पावसापाण्याचं बोलतो आणि शेवटी कामाचं. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. "सर, मामा गेले," एवढंच म्हणाला. मन्मथ पुण्याच्या दवाखान्यात पहाटे गेला होता. झोपेतच गेला. त्याला गावाकडे आणायचं, आपल्याच रानात समाधी द्यायची, असं त्यानं बहिणीला कधीच सांगून ठेवलं होतं. मी परभणीहून निघालो तेव्हा मोबाइलवर श्रद्धांजलीचे संदेश सुरू झाले होते. त्यातल्या एकात 'जागतिक कीर्तीचे चित्रकार, परभणीचे भूमिपुत्र मन्मथअप्पा तोडकरी' अशी ओळ होती आणि खाली नमुना म्हणून एक चित्र जोडलेलं होतं. उधळत येणारे सात घोडे. दुकानांतून, दिवाणखान्यांतून भरभराटीसाठी लावतात तसलं. मन्मथनं जन्मात घोडा काढला नव्हता. संध्याकाळपर्यंत ते घोडे जिल्हाभर फिरून आले आणि कुणालाही काही खटकलं नाही.

लिंगायतांच्या रीतीनं त्याला बसवलं होतं. कपाळभर विभूती, हातात लिंग, मांडीवर बेलाची पानं. चेहरा शांत होता, किंचित कंटाळलेला म्हणा, एखाद्या लांबलेल्या समारंभात असायचा तसा. समारंभ लांबलाच. खड्ड्याच्या काठावर उभं राहून एकामागून एक माणसं बोलत होती आणि प्रत्येकाच्या तोंडी 'जागतिक कीर्ती' होती. माझ्या शेजारी गावातला एक ओळखीचा शेतकरी उभा होता. तो हळूच मला म्हणाला, "सर, एक इचारू का? अप्पा नेमकं काय काढायचे वो? म्हंजी देव का मानसं?"

"रंग," मी म्हणालो.

"नुसते?"

मी मान हलवली. त्यानंही समजल्यासारखी हलवली. त्याचा मला राग आला नाही. त्याला दाखवलं कुणी होतं? ज्यांनी दाखवायला हवं होतं ते काठावर उभे राहून भाषणं करत होते.

चार दिवसांनी एका पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. तरुण मुलगी असावी, बोलणं अगदी अदबीचं. लेख द्याच, म्हणाली, "आणि सर, सोबत एक छोटी चौकट हवी. त्यांची चित्रं कुठे पाहायला मिळतील, याची. वाचकांची सोय होईल." मी हो म्हणालो आणि लिहायला बसलो. जर्मनीतलं एक संग्रहालय. जपानमधलं एक. लंडनमध्ये एक मोठं चित्र, अमेरिकेत दोन ठिकाणी. भारतात? दिल्लीच्या एका संग्रहालयाकडे त्याची चित्रं आहेत हे मला ठाऊक होतं, म्हणून खात्रीसाठी फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "वो तो स्टोर में हैं." बाहेर कधी काढतात? तर त्याचं काही सांगता येत नाही. मुंबईत आधी अर्ज करावा लागतो, मग ते कळवतात. म्हणजे परभणीच्या माणसाला परभणीच्या माणसाचं चित्र पाहायचं तर आधी पासपोर्ट काढावा लागेल! लिहिता लिहिता माझा हात थांबला. मग मी शेवटची ओळ लिहिली आणि ती लिहिताना मला जरा अभिमान वाटला, हे खरं: 'परभणी जिल्हा: सेलू तालुक्यात, चित्रकाराच्या गावच्या शाळेची ओसरी. शाळेच्या वेळात केव्हाही.' सबंध जिल्ह्यात, सबंध मराठवाड्यात म्हणा, मन्मथच्या हातचं तेवढं एकच काम होतं.

आम्ही दोघं त्याच शाळेत शिकलो. निजामाच्या काळातली दगडी इमारत, लांब ओसरी, समोर कडुलिंब. मन्मथच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागेच घर. त्या घरात एक बळद होतं, म्हणजे जमिनीच्या पोटात बांधलेली ज्वारीची कोठी. वर फक्त माणूस उतरेल एवढं गोल तोंड. ज्वारी तळाला गेली की मन्मथला दोरीनं आत सोडायचे आणि तो टोपल्या भरून द्यायचा. गंगाक्का दोरी धरून वर उभी असायची. आतून वर पाहिलं की उजेडाचा गोल दिसतो आणि वरून आत पाहिलं की काळोखाचा, हे त्यानं मला आठ-नऊ वर्षांचा असताना सांगितलं होतं आणि मोठेपणी त्यानं आयुष्यभर तेच रंगवलं. पिवळ्या, मातकट रंगांच्या पसाऱ्यात एक काळा गोल. त्या गोलावर पुढं परदेशात लेख लिहिले गेले. कुणाला त्यात शून्य दिसलं, कुणाला विश्वाची पोकळी, कुणाला मृत्यू. मन्मथ ते लेख मला वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "दत्ता, आपल्या बळदाला किती मान मिळायलाय बघ."

चित्रकलेच्या शिक्षणासाठी तो मुंबईला निघाला तेव्हा त्याच्या वडिलांनी दुकानात बसल्या बसल्या त्याची उलटतपासणी केली होती. मी पोत्यावर बसलो होतो. "बोर्ड रंगवायला शिकायलास?" "न्हाई, अप्पा." "मग भिंतीवरच्या जाहिराती?" "न्हाई." "नाटकाचे पडदे?" "न्हाई." वडिलांनी तराजू खाली ठेवला. "मग काय शिकायलास बाबा? नाव तर सांग, गिऱ्हाईक इचारतेत." मन्मथला नाव सांगता आलं नाही. वडील मात्र दिलदार माणूस. स्टेशनवर पोचवायला आले आणि गाडी हलताना म्हणाले, "जे काय असंल ते, पण चांगलं कर." गिऱ्हाइकांना ते पुढची कित्येक वर्षं सांगत राहिले की मुलगा मुंबईला मोठ्या कामावर हाय.

माझी मुलगी नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. तिच्याकडे गेलो असताना आम्ही आगगाडीनं मुद्दाम त्या शहरात गेलो. संग्रहालयाच्या एका दालनात सबंध भिंतीवर फक्त मन्मथचं चित्र होतं आणि समोर बाक. आम्ही पोचलो तेव्हा बाकावर कुणी नव्हतं, पण खाली फरशीवर एक आख्खा वर्ग मांडी घालून बसला होता. असतील सहा-सात वर्षांची मुलं. त्यांच्या बाई चित्रातल्या त्या काळ्या गोलाकडे हात करून काही विचारत होत्या. मुलीनं मला हळू आवाजात सांगितलं, आत काय असेल, असं विचारतायत. एक मुलगी म्हणाली, विहीर. एकानं सांगितलं, रात्र. एक बारका म्हणाला, आत कुणीतरी आहे आणि ते वर बघतंय... मी बाकावर बसलो. बाजूच्या पाटीवर मन्मथचं नाव होतं, जन्मवर्ष होतं आणि पुढं 'भारत' एवढंच. संध्याकाळी मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "ज्वारी कुणीच म्हणलं न्हाई?" मी नाही म्हणालो. "मग त्यांच्या शाळा बी आपल्यासारख्याच की!" म्हणाला आणि खूप हसला. हसू थांबल्यावर मात्र म्हणाला, "दत्ता, आपली पोरं एकदा अशी बसलेली बघायची होती."

त्यानं प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. मी त्याच्यासोबत होतो. पुण्याच्या घरात ठेवलेली निवडक चित्रं त्यानं जिल्ह्याला द्यायची ठरवली होती. कायमची, काहीही न घेता. अट एकच, ती मांडायला एक कोरडी खोली असावी आणि ती उघडी असावी. आम्ही कचेऱ्यांच्या बाकांवर बसलो. एका ठिकाणी साहेब मीटिंगला गेले होते, दुसऱ्या ठिकाणी साहेबांची बदली झाली होती. एका वाचनालयाचा वरचा मजला मोकळा आहे असं कळलं म्हणून गेलो, तर तिथं निवडणुकीचं सामान ठेवतात, म्हणून ते जमत नव्हतं. निवडणुका नसताना? तेव्हाही सामान असतंच. शेवटी एका अधिकाऱ्यानं आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "हे बघा, चित्रांचा विषय आमच्याकडे येत नाही. पुतळ्याचं काही असेल तर सांगा." मन्मथ त्यांना नमस्कार करून उठला. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर म्हणाला, "काय वाईट बोलला तो? मी मरायची वाट बघावी लागंल, एवढंच म्हणला." ती चित्रं पुढं जपानला गेली. तिकडून दोन माणसं आली, हातमोजे घालून त्यांनी एकेक चित्र कागदात बांधलं आणि निघताना त्या बांधलेल्या चित्रांना कमरेत वाकून नमस्कार केला. हे मन्मथनंच मला सांगितलं.

आता त्या भिंतीचं सांगतो. वडील गेले त्या वर्षी तो सबंध उन्हाळा गावात राहिला. गंगाक्काला गावातच दिलेली, तिच्याकडे उतरला होता. शाळेला सुट्टी होती. एका दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणाला, हिच्यावर काम करायचं. तेव्हाचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "अश्लील काही नाही ना?" राजस्थानात एका कारागिराकडून मन्मथ एक जुनी रीत शिकून आला होता. चुना महिनाभर पाण्यात मुरवायचा, फडक्यानं गाळायचा, भिंतीवर त्याचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच त्यात रंग भरायचा. मग नदीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटत बसायचं, अगदी कातडीसारखा चकाकेपर्यंत. वाळायच्या आत जेवढं घोटून होईल तेवढाच तुकडा त्या दिवसाचा. रंग असा भिंतीवर राहत नाही, भिंतीत मुरतो. गोटा दुधनेच्या पात्रातून आणला होता. घोटायला गंगाक्का बसायची. पदर खोचून, भावाला शिव्या देत. "मुंबईला जाऊन हेच शिकलास का रं? भिंत सारवायची तर मला इचारायचं होतं." दुपारभर त्या दोघांचं असं चालायचं आणि हात मात्र दोघांचेही थांबायचे नाहीत.

गाव रोज बघायला यायचं. एक म्हातारा तर नेमानं यायचा, काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा. एक दिवस म्हणाला, "अप्पा, ह्याच्यात आपलं गाव कुठं हाय?" मन्मथ म्हणाला, "हुडका." "हुडकायलोय की, सापडंना." "मग उद्या या." म्हातारा खरंच दुसऱ्या दिवशी हजर. काम संपलं तेव्हा त्यानंच विचारलं, "पुरं कधी होणार?" "झालंय, बाबा." "मग सही करा की, म्हंजी कळंल तरी." मन्मथनं सही केली नाही. भिंतीच्या खालच्या भागात तो काळा गोल होता, बळदाचं तोंड, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला. वर ज्वारीच्या रानाचे फिके पट्टे एकावर एक चढत गेलेले आणि अगदी वर निळीची एक बारीक रेघ. पुढं शाळा भरायला लागली तसे पोरांनी त्या गोलाला हात लावून लावून तो आणखी गुळगुळीत केला. परीक्षेला जाताना त्याला हात लावून जायची पद्धतच पडली होती. मन्मथला हे कळलं तेव्हा त्याला कुठल्याही परदेशी लेखापेक्षा जास्त आनंद झाला. मुख्याध्यापक बदलत गेले, दरवर्षी ध्वजवंदनाच्या आधी शाळेला चुना लागत राहिला, पण प्रत्येक जाणारा माणूस येणाऱ्याला सांगून जायचा की ही भिंत सोडायची. ही साखळी एवढी वर्षं तुटली नाही. ती तुटली ती मन्मथ गेल्यावर, आणि त्याच्याच नावानं.

शाळेच्या आवारात श्रद्धांजलीची सभा ठेवली होती. मी थोडा आधी पोचलो. फाटकातून आत शिरलो तेव्हाच नाकाला ताज्या रंगाचा वास आला. ओसरीपाशी गेलो तर भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लेक्स ताणलेला. वर पुढाऱ्यांचे चेहरे ओळीनं, हात जोडलेले. खाली उजव्या कोपऱ्यात मन्मथ, कुठल्याशा ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलेला. मी फ्लेक्सची कड उचलून आत पाहिलं. वर पांढरंशुभ्र डिस्टेंपर. खाली माणसाच्या छातीइतका चॉकलेटी ऑइलपेंटचा पट्टा, पोरांच्या हातांनी भिंत मळू नये म्हणून शाळांमधून देतात तसा. बाकी काही नव्हतं...

नवे मुख्याध्यापक हसत हसत पुढं आले. "या सर, या. कशी वाटली शाळा? पाच दिवस रात्रंदिवस एक केलं बघा."

"इथं चित्र होतं," मी म्हणालो.

"हो, जुनं होतं ना काहीतरी. साहेब येणार म्हणल्यावर तसं कसं ठेवायचं? फोटो निघतेत, टीव्हीवाले येतेत. पोपडे धरलेल्या भिंतीसमोर अप्पांना श्रद्धांजली द्यायची, बरं दिसतंय का?"

"पोपडे नव्हते. ते चित्रच तसं होतं. ते अप्पांनीच काढलेलं होतं."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. खरंच उतरला, हे मला मान्य केलं पाहिजे. शेजारी सरपंच उभे होते. ते मदतीला धावले. "सर, काळजी करू नका. सेलूचा एक आर्टिस्ट हाय, लय भारी. त्याला बोलवून इथं अप्पांचाच चेहरा काढून घेऊ. थ्रीडी. अगदी जित्ता वाटंल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी नाव सुचवा, कलर सुचवा. तुमच्या मनासारखं करू."

मी मितभाषी माणूस. आयुष्य वाचनालयात गेलं, आवाज चढवायची सवयच नाही. पण त्या दिवशी मला बोलायला उभं केलं तेव्हा मी माइक हातात घेऊन एवढंच म्हणालो: "मन्मथ तोडकरींचं या जिल्ह्यातलं एकुलतं एक चित्र या भिंतीवर होतं. परवापर्यंत होतं. त्यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी आपण ते रंग मारून बुजवलं." लगेच टाळ्या झाल्या! प्रत्येक वक्त्याच्या प्रत्येक वाक्याला होत होत्या तशाच. एकानं तर पुढं येऊन मला शाल दिली. फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांतले मुख्य साहेब शेवटी बोलले. जागतिक कीर्तीच्या या सुपुत्राचा पूर्णाकृती पुतळा गावाच्या वेशीवर उभारण्यात येईल, अशी त्यांनी घोषणा केली. टाळ्या वाजल्या, गाड्या निघाल्या. फ्लेक्स मात्र राहिला.

मी रात्री गंगाक्काकडेच जेवायला थांबलो. तिचे पाय सुजलेले असतात, त्यामुळे ती सभेला आली नव्हती. मला सांगायचं नव्हतं, पण तिनं चेहऱ्यावरून ओळखलं. "काय झालं रं दत्तू?" मी सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "पुसलं म्हंजी? खरवडलं?"

"खरवडलं नाही. वरून रंग दिलाय. वर डिस्टेंपर, खाली ऑइलपेंट."

"मग पुसलं कामून म्हनायलास? झाकलंय म्हन." भाकरी तव्यावर टाकली. "सकाळी जाऊ."

सकाळी आम्ही गेलो. तिच्या हातात पाण्याची कळशी आणि जुन्या लुगड्याचं फडकं. शाळा भरायची होती. मी फ्लेक्सची एक बाजू सोडली. घोटलेल्या चुन्याला डिस्टेंपर धरून राहत नसावं, आणि वाळायला अवधीही फारसा मिळाला नव्हता. पहिल्यांदा दुधासारखं पाणी ओघळलं, मग आणखी, आणि मग त्यातून ज्वारीच्या रानाचा एक फिका पट्टा वर आला. अगदी जसाच्या तसा. गंगाक्का म्हणाली, "बघ. लबाड हाय, आतच बसलेला हाय." मग ती खाली वाकली आणि चॉकलेटी पट्ट्यावर फडकं घासू लागली. तो हलला नाही. तिनं पुन्हा पाणी टाकलं, नखानं उकरून पाहिलं. ऑइलपेंट तसंच राहिलं. त्याच्या आतच कुठंतरी तो काळा गोल होता, ज्याला हात लावून पोरं परीक्षेला जायची. माझ्या एका ओळखीच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, ते काढायला जी द्रव्यं लागतात ती चुना खातात, खालचं राहील असं सांगवत नाही. म्हणजे तो भाग गेला, असंच आता धरायला हवं. कुणाचा सूड नव्हता, द्वेष नव्हता, कुणाला मन्मथशी भांडणही नव्हतं. साहेबांच्या फोटोत भिंत स्वच्छ दिसावी म्हणून गेला. मला याचाच संताप जास्त येतो. शत्रूनं केलं असतं तर निदान त्यानं आधी ते चित्र नीट पाहिलं तरी असतं.

मुख्याध्यापक आले तेव्हा हातभर रान उघडं पडलं होतं. ते घाबरले. "अक्का, असं करू नका. ही सरकारी भिंत हाय. आणि तुमच्या घरात सुतक..." "आमच्यात सुतक पाळत न्हाईत," गंगाक्का म्हणाली आणि फडकं पिळलं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी विनवणीचा होता. "सर, तुम्ही शिकलेले आहात. वर विचारावं लागेल. समितीचा ठराव लागेल. नुकताच रंग दिलाय, वरिष्ठ बघून गेलेत, आता तो मीच काढू दिला असं झालं तर मला कोण वाचवणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू." मी गंगाक्काला घरी आणलं. मी समितीला लेखी विनंती केली. दोनदा फोन केले. बैठक व्हायचीय, असं उत्तर मिळालं. पुतळ्याच्या जागेची पाहणी मात्र झाली आहे. संपादक मुलीनं विचारलं, "सर, मग ती शेवटची ओळ काढून टाकू का?" मी म्हणालो, राहू द्या, छापा.

हे लिहायच्या आधी, मागच्या आठवड्यात, पुन्हा गावी जाऊन आलो. शाळा सुटलेली, ओसरीवर कुणी नव्हतं. फ्लेक्स एका बाजूनं सुटून खाली लोंबत होता. मागे पाहिलं तर हातभर उघडलेलं रान आता चांगलं चादरीएवढं झालं होतं. एक पट्टा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कडा ओबडधोबड, खाली फरशीवर पांढऱ्या पाण्याचे वाळलेले ओघळ. चॉकलेटी पट्ट्याच्या वर, म्हाताऱ्या बाईचा हात पोचेल तिथपर्यंत सगळं मोकळं होतं. त्याच्या वर अजून डिस्टेंपर आणि कुठंतरी ती निळीची रेघ. मी भिंतीला तळहात लावला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि भिंत गार होती, घोटलेली, मन्मथच्या आणि तिच्या हातांनी.

गंगाक्का घरी उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. मी विचारलं, "अक्का, शाळेतली भिंत कोण पुसायलंय?"

"मला काय ठावं? चिमण्या पुसायल्या असतील."

"समितीचा ठराव अजून झाला नाही. मुख्याध्यापकांना कळलं तर..."

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि फार रागावलेले. "दत्तू, ते भिताड न्हाई. माज्या भावाचं तोंड हाय ते," ती म्हणाली. "त्येच्यावर कुनीबी येऊन पोतारा फिरवावा, आन् म्या ते पुसायला ठराव मागावा व्हय?" मग पदरानं हात पुसून ती भिंतीला धरून उठली, कोपऱ्यातली कळशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुजी उंची हाय. चल, वरचं राहिलंय."